दाहाचे मापन : उंदराच्या रक्तजलातील प्रथिन आणि एलायझा पद्धती

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• ‘सूज’, ‘शोथ’ आणि ‘दाह’ या शब्दांच्या अर्थांतील भेद सांगता येईल.
• दाहदर्शक प्रथिन म्हणजे काय, ते उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• एलायझा पद्धतीतील टप्पे क्रमाने मांडता येतील.
• प्रमाण-वक्र आणि विरलन यांच्या आधारे अंतिम आकडा कसा काढतात, ते समजावून देता येईल.
• मापनाविषयीचे विधान विश्वसनीय केव्हा ठरते, याची चिकित्सा करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासकाने उंदराच्या रक्तातील एका प्रथिनाचा विचार कशासाठी करायचा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच मिळेल. तापाने आजारी पडलेल्या माणसाचा रक्ततपासणीचा कागद घरी येतो. त्यावर ‘सीआरपी’ अशी तीन अक्षरे असतात आणि त्यांच्यापुढे एक आकडा असतो. कोरोनाच्या साथीत तर ही अक्षरे खेडोपाडी पोहोचली. अशा वेळी घरातल्या शिकलेल्या माणसाकडे तो कागद दिला जातो आणि ‘हे काय आहे, सांग’ असे म्हटले जाते. आकडा वाचता येणे आणि आकड्याचा अर्थ लावता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साधण्यासाठी आकडा कसा तयार होतो, हे माहीत असावे लागते.

मापनाचे महत्त्व आपल्याला अपरिचित नाही. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दूध संकलन केंद्रावरचा व्यवहार चांगला ठाऊक असतो. दुधाचा दर केवळ लिटरवर ठरत नाही. ‘फॅट किती लागली’ यावर ठरतो. फॅट डोळ्यांना दिसत नाही, यंत्र ती सांगते. ते यंत्र ज्याचे प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा दुधाशी पडताळून घेतलेले नसेल, तर त्याने दाखवलेला आकडा अचूक दिसतो, पण खरा नसतो. नुकसान मात्र खरे होते. प्रयोगशाळेतील मापनाचेही असेच आहे. तेथे पणाला लागलेली गोष्ट म्हणजे एखाद्या औषधाविषयीचा निर्णय आणि त्या निर्णयासाठी खर्ची पडलेले प्राण्यांचे जीव.

या घटकात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत. प्रयोगशाळेतील उंदराच्या शरीरात दाह निर्माण झाला आहे का आणि किती, हे त्याच्या रक्तातील एका प्रथिनावरून कसे मोजतात? या उदाहरणातून एक सूत्र हाती येईल. कोणत्याही मापनाचा आकडा एकटा बोलत नाही. काय मोजले, कोणाच्या शरीरात मोजले, केव्हा मोजले आणि कशाशी तुलना करून मोजले, या चार गोष्टी सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

२. शब्दांचा विचार : सूज, शोथ, दाह

बोलीभाषेत आपण ‘सूज आली’ असे म्हणतो. आयुर्वेदाच्या परंपरेतील ‘शोथ’ हा शब्दही मुळात सुजेचाच वाचक आहे. ‘दाह’ या शब्दाचा मूळ अर्थ जळणे, आग होणे असा आहे. आधुनिक वैद्यकातील ‘इन्फ्लमेशन’ या संकल्पनेसाठी मराठीत हे तिन्ही शब्द वापरले जातात आणि तेथूनच गोंधळाला सुरुवात होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने या अवस्थेची चार लक्षणे सांगितली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्या शब्दांकडे पाहिले तर ‘सूज’ हा शब्द यांतील एकच लक्षण सांगतो. ‘दाह’ हा शब्द उष्णता आणि आग सुचवतो. म्हणजे प्रत्येक शब्द संपूर्ण घटनेचा एक भाग पकडतो. प्रत्यक्षात ही घटना म्हणजे इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराने उभारलेला प्रतिसाद होय. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून त्या जागी पोहोचतात, आणि दूरवरच्या यकृतापर्यंत संदेश जातात.

या घटकात आपण या संपूर्ण प्रतिसादासाठी ‘दाह’ हा शब्द पारिभाषिक अर्थाने वापरू. पारिभाषिक शब्द म्हणजे ज्याचा अर्थ लेखकाने आधी ठरवून दिला आहे आणि नंतर बदललेला नाही असा शब्द. येथे ही काळजी अधिकच आवश्यक आहे. कारण शरीरात मंद स्वरूपाचा दाह असतो तेव्हा सूज, लाली, उष्णता, वेदना यांपैकी काहीही जाणवत नाही. जे दिसत नाही, त्याचे मोजमाप करावे लागते.

३. दाहदर्शक प्रथिने

सन १९३० मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. रक्त गोठल्यानंतर वर जो पिवळसर, पारदर्शक द्रव उरतो, त्याला रक्तजल किंवा सीरम म्हणतात. या रक्तजलातील एक पदार्थ न्यूमोनियाच्या जंतूतील ‘सी’ नावाच्या शर्करायुक्त घटकाशी संयोग पावतो, असे त्यांना आढळले. पुढे त्याला ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ हे नाव मिळाले. तपासणीच्या कागदावरील सीआरपी ते हेच.

हे प्रथिन यकृतात तयार होते. दाहाच्या जागेवरील पेशी ‘इंटरल्यूकिन-६’ यांसारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात. ती रक्तामार्गे यकृतापर्यंत पोहोचतात आणि यकृत काही विशिष्ट प्रथिनांची निर्मिती एकदम वाढवते. माणसाच्या रक्तात सीआरपीचे प्रमाण अशा वेळी शेकडो पटींनी वाढू शकते. ज्या प्रथिनाच्या वाढीवरून दाहाचे अस्तित्व कळते, त्याला आपण दाहदर्शक प्रथिन म्हणू.

आता एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्या. माणसाच्या बाबतीत उपयोगी ठरणारे प्रथिन दुसऱ्या प्राण्याच्या बाबतीत उपयोगी ठरेलच असे नाही. उंदराच्या शरीरातही सीआरपी असते. परंतु दाह झाल्यावर ते फारसे वाढत नाही. उंदरामध्ये वाढते ते ‘सीरम अमिलॉइड ए’ नावाचे प्रथिन, ज्याचा उल्लेख आपण यापुढे ‘एसएए’ असा करू. तीव्र दाहात त्याचे प्रमाण हजार पटींच्या घरात जाऊ शकते. गाईम्हशींमध्ये हॅप्टोग्लोबिन आणि एसएए ही प्रथिने महत्त्वाची ठरतात. दुभत्या गाईला कासदाह झाला, म्हणजे ज्याला शेतकरी ‘दगडी’ म्हणतात तो विकार झाला, तर एसएएचा एक प्रकार तिच्या दुधातही वाढलेला आढळतो.

यावरून काय निष्पन्न होते? एखाद्या संशोधकाने माणसाचा नियम उंदराला लावून केवळ सीआरपी मोजले आणि ‘वाढ नाही, म्हणजे दाह नाही’ असा निष्कर्ष काढला, तर मापन निर्दोष असूनही निष्कर्ष चुकेल. चूक यंत्रात नसून प्रश्नात असेल.

येथे मराठीची एक अडचणही नोंदवली पाहिजे. आपल्या भाषेत ‘उंदीर’ हा शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. प्रयोगशाळेतील ‘माऊस’ हा २० ते ३० ग्रॅम वजनाचा लहान प्राणी आहे. ‘रॅट’ त्याच्या दहापट किंवा अधिक वजनाचा असतो. रॅटमध्ये दाहाच्या वेळी ठळकपणे वाढणारे प्रथिन आणखी वेगळे, म्हणजे ‘अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन’ हे आहे. त्यामुळे अनुवादकाने दोन्हींसाठी सरसकट ‘उंदीर’ लिहिले तर वाचकाची दिशाभूल होते. या घटकात ‘उंदीर’ म्हणजे माऊस, असा अर्थ घ्यावा.

आपली प्रगती तपासा – १
(अ) ‘सूज’ हा शब्द ‘दाह’ या संकल्पनेसाठी अपुरा का ठरतो?
(आ) उंदरातील दाह मोजण्यासाठी सीआरपीऐवजी एसएए का निवडतात?

४. प्रतिपिंड : ओळख पटवणारा रेणू

रक्तजलात हजारो प्रकारची प्रथिने एकत्र मिसळलेली असतात. त्यांतून नेमके एकच प्रथिन वेगळे ओळखायचे कसे? यासाठी निसर्गानेच घडवलेले साधन वापरतात. शरीरात परका पदार्थ शिरला की शरीर त्याच्याशी घट्ट जुळणारे रेणू तयार करते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. ज्या पदार्थाशी ते जुळतात त्याला प्रतिजन म्हणतात. प्रतिपिंडाच्या साहाय्याने एखाद्या पदार्थाचे प्रमाण ठरवण्याच्या पद्धतीस ‘इम्युनोॲसे’ किंवा प्रतिरक्षा-आमापन असे नाव आहे.

या पद्धतीचा पाया रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकी संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस घातला. रक्तातील इन्सुलिनचे अत्यल्प प्रमाण मोजण्यासाठी त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेले इन्सुलिन आणि प्रतिपिंड यांचा उपयोग केला. बर्सन यांचे १९७२ मध्ये निधन झाले. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यातील धोका टाळणारा मार्ग १९७१ मध्ये पुढे आला. स्वीडनमधील एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमान यांनी किरणोत्सारी खुणेच्या जागी एन्झाइम वापरले. त्याच सुमारास नेदरलँड्समध्येही अशीच पद्धत स्वतंत्रपणे विकसित झाली. हीच ‘एलायझा’ होय. १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली आणि या मापनाला एकसारखेपणा आला.

पुण्याशी या पद्धतीचा निकटचा संबंध आहे. १९५२ साली ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावाने सुरू झालेली पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था डेंगी आणि चिकुनगुन्या यांच्या निदानासाठी एलायझा संच तयार करते व ते सरकारी प्रयोगशाळांना पुरवले जातात. २०२० साली कोरोनाविरोधी प्रतिपिंड शोधणारा एलायझा संचही याच संस्थेने विकसित केला. या संचांमध्ये रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड शोधायचे असते. आपल्या उदाहरणात दिशा उलट आहे : प्रतिपिंड आपल्या हातातील साधन आहे आणि शोधायचे आहे ते प्रथिन.

५. मापनाची कृती

एलायझासाठी प्लॅस्टिकची एक तबकडी वापरतात. तिच्यात आठ ओळी आणि बारा स्तंभ अशी ९६ लहान वाटीसारखी छिद्रे असतात. कृतीचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला टप्पा : प्रत्येक छिद्राच्या तळाशी एसएएला धरून ठेवणारे प्रतिपिंड चिकटवतात. त्याला ‘पकडणारे प्रतिपिंड’ म्हणू. ही क्रिया बहुधा रात्रभर, थंड तापमानात होऊ देतात.

दुसरा टप्पा : तळाची जी जागा मोकळी राहिली असेल, तेथे नको ती प्रथिने चिकटू नयेत म्हणून ती जागा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून काढतात. घरात नको तो माणूस बसू नये म्हणून रिकाम्या खुर्च्या आधीच भराव्यात, तसा हा प्रकार आहे.

तिसरा टप्पा : विरल केलेले रक्तजल छिद्रात घालतात व एक-दोन तास तसेच ठेवतात. त्यातील एसएए पकडणाऱ्या प्रतिपिंडाला चिकटते. नंतर सौम्य साबणयुक्त द्रावणाने छिद्रे अनेकदा धुतात. चिकटलेले राहते; बाकीचे वाहून जाते.

चौथा टप्पा : एसएएच्या दुसऱ्या भागाशी जुळणारे आणखी एक प्रतिपिंड घालतात. याला एन्झाइम जोडलेले असते. मुळा-मोहरीच्या कुळातील हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळांपासून मिळणारे पेरॉक्सिडेज हे एन्झाइम यासाठी पुष्कळदा वापरले जाते. आता एसएए दोन प्रतिपिंडांच्या मध्ये सापडलेले असते. पुन्हा धुलाई होते.

पाचवा टप्पा : एक रंगहीन द्रावण घालतात. एन्झाइम जेथे असेल तेथे ते निळे होते. ठरावीक वेळानंतर आम्ल घालून क्रिया थांबवली की निळा रंग पिवळा होतो. रंग जितका गडद, तितके त्या छिद्रात एसएए अधिक. हा गडदपणा ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, त्यावरून यंत्र मोजते.

धुलाई हा या कृतीतील सर्वांत साधा आणि सर्वांत उपेक्षित भाग आहे. ती अपुरी झाली तर न चिकटलेले एन्झाइम मागे राहते आणि जेथे प्रथिन नाही तेथेही रंग दिसतो.

६. रंगापासून आकड्यापर्यंत

यंत्र आपल्याला रंगाचा गडदपणा सांगते. प्रथिनाचे प्रमाण सांगत नाही. हा भेद नीट समजून घ्या. गडदपणाचे प्रमाणात रूपांतर करण्यासाठी त्याच तबकडीवर, त्याच वेळी, ज्यांतील एसएएचे प्रमाण आधीच ठाऊक आहे अशी द्रावणे घ्यावी लागतात. त्यांना प्रमाण-द्रावणे म्हणतात. त्यांचे वाचन आलेखावर मांडले की जी वाकडी रेषा मिळते, ती प्रमाण-वक्र. संकलन केंद्रातील यंत्र ज्ञात दुधाशी पडताळण्यासारखीच ही क्रिया आहे.

केवळ आकलनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मिलिलीटरमध्ये १००, ५० आणि २५ नॅनोग्रॅम एसएए असलेल्या प्रमाण-द्रावणांचे वाचन अनुक्रमे ०.९८, ०.५५ आणि ०.३० आले. काहीच नसलेल्या द्रावणाचे वाचन ०.०६ आले. एका उंदराचे रक्तजल १००० पट विरल करून ते दोन छिद्रांत घातले. त्यांची वाचने ०.७४ आणि ०.७८ आली. सरासरी ०.७६. हा आकडा ०.५५ आणि ०.९८ यांच्या मधोमध पडतो. म्हणून विरल द्रावणात एसएए सुमारे ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आहे, असे वक्रावरून कळते. मूळ रक्तजल १००० पट विरल केले होते; म्हणून मूळ प्रमाण ७५ × १००० = ७५,००० नॅनोग्रॅम, म्हणजेच ७५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर. शेवटचा गुणाकार विसरला तर उत्तर हजार पटींनी चुकते आणि तरीही कागदावर ते तितकेच नीटनेटके दिसते.

आता दुसऱ्या, निरोगी उंदराचा विचार करा. तेवढ्याच विरलनाला त्याचे वाचन ०.०८ आले आणि आपल्या प्रमाण-द्रावणांपैकी सर्वांत सौम्य द्रावणाचे वाचन त्याहून अधिक आहे. अशा वेळी ‘या उंदराच्या रक्तात एसएए नाही’ असे लिहिणे चूक ठरेल. ‘या विरलनाला ते मापनमर्यादेच्या खाली आहे’ एवढेच म्हणता येईल. रक्तजल कमी विरल करून पुन्हा मोजावे लागेल. ‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ यांतील हा फरक भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावा. विज्ञानातील कितीतरी अपसमज या एका क्रियापदाच्या गळतीतून जन्म घेतात.

उलट टोकालाही सापळा आहे. रक्तजल पुरेसे विरल केले नाही आणि त्यात प्रथिन प्रचंड प्रमाणात असले, तर पकडणारे आणि ओळखणारे अशी दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी व्यापली जाऊ शकतात. विशेषतः नमुना आणि दुसरे प्रतिपिंड एकाच वेळी घातले असता असे घडते. मग मधली जोडणीच होत नाही आणि रंग वाढण्याऐवजी फिका पडतो. अतिशय आजारी प्राणी निरोगी भासतो. म्हणून एकच नमुना दोन-तीन वेगवेगळ्या विरलनांना मोजून अंतिम उत्तरे जुळतात का, हे पाहण्याचा प्रघात आहे.

आपली प्रगती तपासा – २
(अ) प्रमाण-द्रावणे त्याच तबकडीवर का घ्यावी लागतात?
(आ) विरल द्रावणातील प्रमाण ४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर असून विरलन ५०० पट असेल, तर मूळ प्रमाण किती?

७. उंदराच्या नमुन्यातील विशेष अडचणी

२५ ग्रॅम वजनाच्या उंदराच्या शरीरात रक्त सुमारे दोन मिलिलीटर असते. त्याच्या जीवाला अपाय न होता एका वेळी त्यातील साधारण एक दशांश रक्त घेता येते. त्यातून निघणारे रक्तजल त्याच्याही निम्मे. म्हणजे हाती येतात ते दोन-तीन थेंब. एलायझाच्या एका छिद्राला साधारण तेवढेच द्रावण लागते. एसएए विरल करून मोजता येते, हे म्हणूनच सोयीचे ठरते. मूळ रक्तजल अत्यंत कमी लागते. परंतु जे प्रथिन रक्तात मुळातच अत्यल्प आहे, त्याच्या बाबतीत ही सोय उरत नाही.

दुसरी अडचण प्रतिपिंडाच्या उगमाची आहे. अनेक प्रतिपिंडे उंदरापासूनच मिळवलेली असतात. ती ओळखण्यासाठी ‘उंदराचे कोणतेही प्रतिपिंड पकडणारे’ साधन वापरले, तर ते नमुन्यातील उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही पकडते आणि खोटा रंग उमटतो. म्हणून उंदराच्या नमुन्यांसाठी ससा, बकरी किंवा रॅट यांच्यापासून मिळवलेली प्रतिपिंडे निवडणे हितावह असते. तसेच माणसाच्या प्रथिनासाठी बनवलेला संच उंदराच्या प्रथिनाला ओळखेलच, अशी खात्री नसते.

तिसरा प्रश्न वेळेचा. प्रयोगात दाह निर्माण करण्यासाठी काही जंतूंच्या बाह्य आवरणातील एक घटक उंदराला टोचतात. त्यानंतर ‘टीएनएफ’ हे संदेशवाहक प्रथिन एक-दोन तासांत शिखर गाठते आणि ओसरते. इंटरल्यूकिन-६ थोडे मागून येते. एसएए मात्र सुमारे एक दिवसाने शिखरावर पोहोचते. तेव्हा दोन तासांनी एसएए मोजणारा आणि चोवीस तासांनी टीएनएफ मोजणारा, असे दोघेही ‘दाह नाही’ असे म्हणतील. पूर ओसरल्यावर नदी मोजायला जाणाऱ्यासारखी त्यांची गत होईल.

चौथी गोष्ट प्राणिगृहाची. तेथे एखादा संसर्ग नकळत शिरला असेल, तर प्रयोगात काहीही न टोचलेल्या उंदरांतही एसएए वाढलेले असते. तुलनेसाठी ठेवलेला गटच आजारी असेल, तर तुलना कशाशी करणार?

८. मापनाची नैतिक बाजू

पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत संशोधनासाठी उंदीर पाळले जातात. भारतात असे प्रयोग प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखालील केंद्रीय समितीच्या देखरेखीत होतात आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची पूर्वसंमती आवश्यक असते. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे जगभर मानली जातात : शक्य तेथे प्राण्यांऐवजी पर्याय वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे आणि त्यांच्या वेदना कमी होतील अशी सुधारणा करणे.

या तत्त्वांचा मापनाशी थेट संबंध आहे. नमुना कमी लागणारी पद्धत असेल तर एकाच उंदराचे रक्त निरनिराळ्या वेळी घेता येते आणि प्राण्यांची संख्या घटते. उलट, धुलाईतील हलगर्जीपणामुळे तबकडी वाया गेली आणि नमुना संपलेला असला, तर प्रयोग पुन्हा करावा लागतो. म्हणजे आणखी काही जीव खर्ची पडतात. अचूकता हा येथे केवळ बौद्धिक गुण राहत नाही. ते कर्तव्य होते.

९. उंदराकडून माणसाकडे

उंदरातील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे आपण सीआरपीच्या उदाहरणावरून पाहिलेच आहे. म्हणून माणसांमध्ये स्वतंत्र अभ्यास करावे लागतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक अभ्यास केला. खेड्यातील, शहरी झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ पुरुषांच्या रक्तातील सीआरपी, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ यांचे प्रमाण त्यांनी तपासले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गीय पुरुषांमध्ये स्थूलता आणि दाहदर्शकांचे प्रमाण सरासरीने अधिक आढळले. ही माणसे तापाने फणफणलेली नव्हती. त्यांना सूज नव्हती, लाली नव्हती. डोळ्यांना न दिसणारा मंद दाह केवळ मापनातून प्रकट झाला आणि मधुमेह व हृदयविकार यांच्या विचारात त्याला स्थान मिळाले.

मात्र, सीआरपी वाढले म्हणजे अमुक रोग झाला, असे ठरत नाही. ते दाहाची वार्ता देते. दाहाचे कारण सांगत नाही. गावात धूर दिसला तर काहीतरी पेटले आहे एवढे कळते. चूल पेटली की गंजी, हे जवळ जाऊन पाहावे लागते. ते पाहण्याचे काम डॉक्टरांचे. घरातल्या शिकलेल्या माणसाचे काम एवढेच, की आकड्याने घाबरून जाऊ नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. एकक, प्रयोगशाळेने दिलेली सामान्य मर्यादा आणि नमुना घेतल्याचा दिवस या तीन गोष्टी पाहून कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.

१०. सारांश

दाह हा इजेला किंवा संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. त्याच्या वेळी यकृत काही प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार करते. कोणते प्रथिन वाढेल, हे प्राण्यागणिक बदलते : माणसात सीआरपी, उंदरात एसएए. एलायझा पद्धतीत प्रथिन दोन प्रतिपिंडांमध्ये पकडून रंगाच्या गडदपणावरून, ज्ञात द्रावणांशी तुलना करून त्याचे प्रमाण ठरवतात. विरलन, धुलाई, प्रतिपिंडाचा उगम आणि नमुना घेण्याची वेळ यांपैकी एकही बाब निसटली, तर आकडा दिसायला अचूक राहतो, पण खरा राहत नाही. म्हणून मापनाविषयी लिहिणाऱ्याने काय, कोणात, केव्हा आणि कशाशी तुलना करून, या चार प्रश्नांची उत्तरे आपल्या वाक्यातच दिली पाहिजेत.

११. प्रगती तपासा : उत्तरे

१ (अ) सूज हे दाहाच्या चार लक्षणांपैकी केवळ एक आहे. मंद दाहात तर ती नसतेही. (आ) उंदरात दाहाच्या वेळी सीआरपी फारसे वाढत नाही. एसएए मोठ्या प्रमाणात वाढते.
२ (अ) रंगाचा गडदपणा वेळ, तापमान, धुलाई यांनुसार बदलतो. म्हणून तुलना एकाच परिस्थितीत व्हावी लागते. (आ) ४० × ५०० = २०,००० नॅनोग्रॅम, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर.

१२. सरावासाठी स्वाध्याय

१. ‘उंदरांमध्ये औषधाने दाह कमी झाला’ या वाक्यात कोणती माहिती सुटली आहे, ते सांगून हे वाक्य आपल्या कल्पनेतील तपशील घालून पुन्हा लिहा.
२. एलायझा पद्धतीचे पाच टप्पे, शाळेत न गेलेल्या परंतु दूध संकलन केंद्राचा व्यवहार जाणणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला समजतील अशा भाषेत सुमारे २०० शब्दांत लिहा.
३. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांतील अर्थभेद दैनंदिन व्यवहारातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.